सतरा नंबरची ज्योत

३ मे

मुंगे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात, पण तू तो घेणार नाहीस आणि मला तो वाया घालवायचा नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. मला लिहायचा कंटाळा. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी मला इथे थोडंच दिसणार आहे म्हणा.

आधी कामाचं. तीस जूनपर्यंत पुन्हा परीक्षेला बसायचा फॉर्म भरता येतो. लेखी तू पास आहेसच, फक्त प्रॅक्टिकल द्यायचं. तीस जून गेला की मागचे सगळे मार्क रद्द. तीन वर्षं शिकलीस ती न शिकल्यासारखी. ऑफिसातल्या क्लार्कला मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने तेच सांगितलं. दुसऱ्यांदा जरा ओरडून सांगितलं.

तुझ्या आईची तब्येत बरी नाही. गुडघे गेलेत, शिलाई मशीनवर बसते आणि तुझं नाव काढून रडते. बहीण माझी आहे, मला बघवत नाही.

आता ते जुनं. उगाळायचं नाही असं ठरवलं होतं, पण न उगाळता लिहायचं कसं ते मला जमत नाही. परीक्षेला तुझ्या जागेवर सतरा नंबरची कुपी येणार हे मला ठाऊक होतं, कारण प्रयोगशाळेत पुडींच्या कुप्या भरून जागेवर ठेवणारी मीच. आदल्या दिवशी जेवताना तुला सांगितलं, सतरा म्हणजे हिरवी ज्योत, डोळे मिटून हिरवं लिही. बावीस वर्षांत पोरांनी माझ्या मागे लागून लागून पाय झिजवले, मी कुणाला हूं की चूं केलं नाही. तुला सांगितलं. आणि तू लिहिलंस लाल! बाहेरून आलेला परीक्षक म्हणाला, डोळे तपासून घे. तिथे तरी गप्प बसायचं. तर तू त्यालाच म्हणालीस, "सर, तुम्हीच एकदा तार धरून बघा." झालं. नापास, आणि वर शेरा, ‘उद्धट’. घरी आलीस तेव्हा मी तुझ्या थोबाडीत दिली. ते चुकलंच जरा. पण तुझं एक चुकलं, माझं एक चुकलं, फिटंफाट झाली. त्यासाठी वर्षभर तोंड न दाखवण्यासारखं काय होतं?

तिकडे औषधांच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत जन्म काढणार आहेस का? ये आणि फॉर्म भर.

मावशी

ता. क. तुझा एप्रन धुऊन ठेवलाय. अ‍ॅसिडचं भोक पडलं होतं ते शिवलंय.


१६ मे

मुंगे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तीन ओळी. "आई ठणठणीत आहे, कालच बोलले. वर्ष उलटून गेलं, आत्ताच का लिहिलंस? लाल होतं असं कुणी सहीनिशी लिहून दिलं तर येईन."

बरं, तुझी आई ठणठणीत आहे. गुडघे थोडे दुखतात एवढंच. थोडं वाढवून लिहिलं. तुझी आई लहानपणापासून साधं खरचटलं तरी आकांत करायची, त्यामानाने मी कमीच वाढवलं.

पण सहीनिशी लिहून द्या म्हणजे काय गं? कोण देणार? असं जगात कधी झालंय का? तू तीन वर्षं त्या टेबलाच्या एका बाजूला होतीस, मी बावीस वर्षं दुसऱ्या बाजूला, सिंकपाशी उभी आहे. तुमचं शिक्षण काय असतं ते मला विचार. तारेचं टोक पांढऱ्या पुडीत बुडवायचं, बर्नरवर धरायचं, रंग बघायचा आणि रंगावरून पुडीचं नाव सांगायचं. एवढंच. आणि तेवढं एकही कार्टं करत नाही. सगळ्यांच्या वह्या आदल्या वर्षीच्या मुलांच्या वह्यांवरून उतरलेल्या. एकजण मला विचारतो, "मावशी, रंग कोणता येणार?" म्हटलं, तुला कोणता दिसतोय? तर म्हणतो, "मला दिसतोय तो नको हो, जो यायला पाहिजे तो सांगा."

एकदा आख्खी सकाळ गॅस नव्हता. एकही बर्नर पेटला नाही. तरी दुपारी वह्या तपासायला आल्या तेव्हा एकीच्या वहीत पाच ज्योती, पाचही बरोबर. दहापैकी नऊ मार्क. एक मार्क कशाचा कापला ते मला अजून कळलेलं नाही, बहुतेक समासाचा.

आणि त्यात तू आलीस. बघून लिहायला लागलीस. सगळी वही खाडाखोडीने भरलेली. आमच्या चष्मेवाल्या मॅडम म्हणायच्या, "मावशी, तुमची भाची बघते छान आणि लिहिते घाण." मला त्याचा राग यायचा. मॅडमचा नाही, तुझा. म्हणायचे, लोक जातात त्या वाटेने जायला हिला काय होतं? माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन, मी सांगितलेलं एक ऐकलं नाहीस.

तर लिहूनबिहून कुणी देणार नाही. हट्ट सोड. आणि आत्ताच का म्हणशील तर तारीख जवळ आली म्हणून. दुसरं काही नाही.

मावशी


१७ मे

कालचं पत्र पेटीत टाकून आले आणि जेवण गेलं नाही. दुसरं काही नाही हे खोटं आहे.

परीक्षेच्या कुप्या वर्षभर कपाटात ठेवतात. कुणी तक्रार केली तर दाखवायला. कुणी करत नाही. वर्ष झालं की त्या धुवायच्या, आणि धुवायचं काम माझं. एप्रिल संपता संपता मॅडम म्हणाल्या, मावशी, कपाट रिकामं करा. मी चाळीसच्या चाळीस कुप्या सिंकपाशी मांडल्या. दुपारची वेळ. मॅडम मीटिंगला, स्टोअरवाला चहाला. सतरा नंबर हातात आला.

मी आजपर्यंत तार कधी हातात धरली नव्हती. धुतल्या असतील हजार. तू घरी एकदा कंगव्याच्या दातावर दाखवलं होतंस, आधी अ‍ॅसिडमध्ये धुवायची, मग तापवायची, मग पुडीला लावायची. तसंच केलं. पहिल्यांदा पिवळं आलं. म्हटलं हे काय तिसरंच? मग आठवलं, घामाच्या हातात मीठ असतं, त्याचं पिवळं येतं, तूच सांगितलं होतंस. हात साबणाने धुतले, तार पुन्हा तापवली, पुन्हा धरली.

लाल. जरासं नाही, तांबूस नाही, हिरव्याच्या आसपाससुद्धा नाही. लालभडक.

तीनदा केलं. तिसऱ्यांदा ज्योतीकडे बघायच्या आधीच मला ठाऊक होतं. खाली बसले. स्टोअरवाला आला, म्हणाला, "मावशी, चक्कर आली का?" म्हटलं, हो. बाकीच्या एकोणचाळीस कुप्या धुतल्या. सतरा नंबर माझ्या कपाटात ठेवली आहे, जुन्या फडक्यात गुंडाळून.

पहिल्या पत्रात तुझं एक चुकलं असं लिहिलं ना मी, ते लिहिताना मला हे ठाऊक होतं.

मावशी


१ जून

मुंगे,

तू विचारतेस, "मॅडमच्या यादीत हिरव्याचं नाव होतं, तर कुपीत लाल आलं कसं?" आणि खाली, "तुला कधीपासून माहीत आहे?" तू पोलिसात जायला हवी होतीस.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितेय.

मला बाटल्यांवरची नावं वाचता येत नाहीत. मराठी वाचते, पेपर वाचते, देवाचं पुस्तक वाचते. इंग्रजी नाही. बावीस वर्षं त्या खोलीत तीनशे बाटल्या पुसतेय, कानाला सगळी नावं पाठ आहेत, डोळ्याला एकही नाही. मी बाटली जागेवरून ओळखते. दुसरा कप्पा, कोपऱ्यातून तिसरी, काळं झाकण. निळ्या-हिरव्या खड्यांचा प्रश्न नसतो, ते दिसतात. वास येणारी तर आंधळासुद्धा ओळखेल. पांढऱ्या पुडी सगळ्या सारख्या, त्या मी जागेने आणि झाकणाने ओळखायचे. कधी चुकलं नाही. मॅडम नाव वाचायच्या, मी बाटलीवर हात ठेवायचे. बाहेरचे मास्तर येऊन म्हणायचे, तुमच्या मावशींना केमिस्ट्री पाठ आहे हो! मी मान डोलवायचे. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात हिरवी आणि लाल, दोन्ही ज्योतींच्या बाटल्या संपल्या. नव्या आल्या, नव्या कंपनीच्या. जुळ्या बहिणी. तीच पांढरी बाटली, तेच निळं झाकण, फक्त चिठ्ठीवरची अक्षरं वेगळी. मी दोन्ही हातांत दोन घेऊन उभी. स्टोअरवाला शेजारीच खुर्चीत बसून दात कोरत होता. "मावशी, चष्मा लागला वाटतं?" म्हणाला. मी म्हटलं, "लागला तर तुला काय करायचंय, तू तुझं बघ." एवढाच प्रश्न विचारायचा होता गं. अरे, यातली हिरवीची कोणती? चार शब्द. नाही निघाले. अंदाजाने एक इकडे ठेवली, एक तिकडे. त्याच आठवड्यात कुप्या भरल्या.

आता कधीपासून माहीत आहे ते.

तू घर सोडून गेल्यावर पंधरा दिवसांनी स्टोअरवाल्याने त्या दोन बाटल्यांची अदलाबदल केली. "कुणी गाढवाने उलट्या ठेवल्यात," म्हणाला. मी फरशी पुसत होते. ज्योत मी एप्रिलमध्ये पाहिली, पण कळलं मला त्या दिवशी. तेव्हा तू गेलेली होतीस, पण लांब गेली नव्हतीस, आईकडेच होतीस. एक बस धरून मला येता आलं असतं. निकालावर तक्रारीचा अर्ज करायची मुदतही अजून महिनाभर होती. मी फरशी पुसत राहिले. म्हटलं आठ-नऊ वर्षं नोकरी राहिली आहे, ही पोर तरणीताठी आहे, हिचं काहीही होऊ शकतं, माझं काय होणार? असं म्हटलं मी मनाशी. उगाच गोड करून सांगत नाही.

लहानपणी तू अंगणात पालथी पडून तासन्‌तास मुंग्या बघायचीस. जेवायला हाक मारली तरी उठायची नाहीस. म्हणून तुला मुंगी म्हणायला लागलो. तुझी आई म्हणायची, हिला काहीतरी झालंय. मी म्हणायचे, काही झालं नाही, हिला दिसतंय. मग मोठेपणी मीच तुला डोळे मिटून लिही म्हणून सांगितलं.

दमले. हात आखडला.

मावशी


१० जून

मुंगे,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण हातावर हात ठेवून बसायची मला सवय नाही, म्हणून सोमवारी मॅडमकडे गेले. खोलीत दुसरं कुणी नाही बघून दार लोटून घेतलं.

"मॅडम, ही एक कुपी धुवायची राहिलीय."

"मग धुवा की. मला काय विचारता?"

"आधी बघा."

मॅडमनी नंबर बघितला आणि पेन खाली ठेवलं. उठल्या, बर्नर पेटवला, तार धरली. लाल. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा धरली. चष्म्याचा दोष नव्हता.

"ही कुणी भरली होती?"

"मी."

"मी तुम्हाला नाव वाचून दाखवलं होतं."

"दाखवलं होतंत. कान ठीक आहेत माझे. बाटलीवरचं वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. कधीच येत नव्हतं."

मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी आत्ताच खोलीत आले आणि ह्या कोण बाई म्हणून त्या विचार करतायत. मग कपाटातून त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढल्या. त्या दिवशी त्याच बाटलीतून मी चार कुप्या भरल्या होत्या. सतरा तुला गेली, बाकी तीन दुसऱ्या तिघांना. मॅडमनी तिन्ही कागद पुढे मांडले. बोट ठेवून वाचलं. ज्योतीचा रंग, हिरवा. ज्योतीचा रंग, हिरवा. तिसऱ्याने तर ‘सुंदर पोपटी हिरवा’ लिहिलं होतं.

"यांना हिरवी दिसली कशी?" मी विचारलं.

मॅडमनी तिन्ही कागद एकावर एक रचले. मग म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा, तुम्ही कुणाकुणाला उत्तर फोडलं होतंत?"

"एकटीला. जिने ऐकलं नाही तिला."

"मग हे तिघं?"

"ते स्टोअरवाल्याला विचारा. त्याच्या ओळखीची पोरं होती. मी कुणाची चुगली करायला आले नाही." आणि ही चुगलीच झाली हे बोलून झाल्यावर लक्षात आलं.

मॅडम खिडकीपाशी गेल्या. म्हणाल्या, "हे बाहेर आलं तर तिघांचे निकाल उघडावे लागतील. एकजण आता शाळेत शिकवतोय."

"काय शिकवतो?"

"विज्ञान."

मला हसू आलं. मॅडमना नाही आलं. मग त्या माझ्याशी अगदी बहिणीसारख्या बोलल्या. म्हणाल्या, भाचीला फॉर्म भरायला सांगा. परीक्षक मी सांगेन तो येईल. तिला काही त्रास होणार नाही, तिचं मी बघते. तुमच्या नोकरीला धक्का नाही, त्या तिघांना नाही. झाकली मूठ राहू दे. कुपी तेवढी धुऊन टाका.

मी हो म्हटलं.

हो, म्हटलं. तुला काय वाटलं, मी तिथे भाषण केलं? हो म्हटलं, पण कुपी नळाखाली धरायला हात पुढे होईना. मॅडमनीच ती उचलली आणि धुतली. बावीस वर्षांत त्यांना भांडं धुताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांना नीट धुता येत नाही. तळाशी पांढरं राहिलं होतं.

मग मी ती त्यांच्या हातातून घेतली, ब्रश घातला आणि स्वच्छ धुऊन उपडी ठेवली. सवय. घरी येऊन पायरीवर बसले तेव्हा कळलं मी काय केलं ते.

आता पुरावा नाही. तर तू आता शहाणपणाने वाग. मॅडम शब्दाच्या पक्क्या आहेत. पास होशील. लिहून मागू नकोस, फक्त ये. वीस दिवस उरलेत. मी कधी कुणाच्या पाया पडले नाही, तुझ्याही पडत नाही, पण ये.

मावशी


२२ जून

मुंगे,

अठरा तारखेपर्यंत तुझ्या पत्राची वाट पाहिली. तुझं ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. रागाने दोन कप फोडले, दोन्ही माझेच. मग कळलं की तू बरोबर आहेस. तुला पास व्हायचं नाहीये. पास काय, त्या गॅस नसलेल्या सकाळीही पोरी पास झाल्या.

एकोणीस तारखेला कोरा कागद घेतला. खाली उतरवून देते आहे, जसा दिला तसा.

"मी या कॉलेजात प्रयोगशाळेत बावीस वर्षं कामाला आहे. मला बाटल्यांवरची इंग्रजी नावं वाचता येत नाहीत, ते मी आजपर्यंत लपवलं. मागच्या वर्षीच्या परीक्षेत मी एका कुपीत चुकीची पूड भरली. ती कुपी माझ्या भाचीला आली. मी तिला आदल्या दिवशी उत्तर सांगितलं होतं, तेही चूक आणि सांगणंही चूक. तिने माझं ऐकलं नाही. तिला लाल दिसलं, तिने लाल लिहिलं. लाल होतं. मी स्वतः तार धरून तीनदा पाहिलं. ती कुपी आता धुतली आहे. शेवटी मीच धुतली. तिच्या नावापुढचा उद्धट हा शेरा खोडावा. उद्धट घरात फक्त मी आहे."

शेवटचं वाक्य क्लार्क म्हणाला काढा. नाही काढलं. आधी त्याने कागद न बघताच विचारलं, "मावशी, रजेचा अर्ज का?" मग वाचला, मग पुन्हा वाचला. हळूच म्हणाला, "हे आत गेलं ना, तर परत बाहेर येत नाही. घरी न्या, उद्या विचार करून आणा."

म्हटलं, "सव्वा वर्ष विचारच केला. शिक्का मार."

मारला. दोन्ही प्रतींवर.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. मॅडम आधीच बसलेल्या. मला बसा म्हणाले नाहीत. प्राचार्य म्हणाले, पुरावा काय? म्हटलं, धुतला. ते म्हणाले, मग आम्ही हे खरं कशावरून मानायचं? म्हटलं, साहेब, स्वतःला वाचता येत नाही असं खोटं कोण लिहून देईल? त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या. मला राग आला नाही, मीही फरशीकडे बघत असेच दिवस काढलेत.

ठरलं ते असं. निकाल लागला तो लागला, बदलणार नाही. त्या तिघांचं काही होणार नाही. शेरा खोडला, माझ्या डोळ्यादेखत, लाल पेनाने आडवी रेघ मारून. तुला प्रॅक्टिकल पहिल्यापासून द्यावं लागेल, कुणाच्या ओळखीच्या परीक्षकापुढे नाही, जो येईल त्याच्यापुढे. पास करून देईन असं आता कुणी म्हणणार नाही. जे दिसेल ते लिहायचं आणि त्यावर जे होईल ते.

आणि मला प्रयोगशाळेतून काढलं. कामावरून नाही, प्रयोगशाळेतून. तिथे नवी बाई येतेय, बारावी झालेली. बरंच झालं.

काल संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मॅडम फाटकावर माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ती दुसरी प्रत आहे का तुमच्याकडे?" मी दिली. फाडतील असं वाटलं. फाडली असती तर मी काही करू शकले नसते. त्यांनी तो कागद माझ्या स्टुलावर ठेवला, वाकल्या आणि माझ्या सहीच्या खाली लिहिलं, ‘ज्योत लाल होती. मी पाहिली.’ सही केली, तारीख घातली. मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "हे मी तिथे बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, हवं होतं." त्या गेल्या.

तो कागद या पाकिटात आहे. घडी घातलीय तशीच उघड, मॅडमची शाई पुसली जाते. दोन सह्या आहेत. एकच मागितली होतीस.

आता तुझं तू ठरव. मी आईला खोटं आजारी पाडणार नाही, रडणार नाही, पुन्हा लिहिणारही नाही. थोबाडीत दिली होती त्याबद्दल ‘जरा’ चुकलं असं पहिल्या पत्रात लिहिलंय, त्यातला ‘जरा’ खोडून वाच.

तीस तारखेला ऑफिस पाचला बंद होतं. सकाळची गाडी धर, दुपारच्या गाडीचा भरवसा नाही. मला आता कॉलेजच्या फाटकावर बसवलंय, स्टूल आणि एक शिट्टी दिली आहे. त्यामुळे आलीस तर सगळ्यात आधी मीच दिसेन, टाळून आत जाता यायचं नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. ओळखपत्र नसलेल्याला आत सोडायचं नाही असा नियम आहे आणि तुझं ओळखपत्र केव्हाच बाद झालंय. फॉर्म भरायला आलेय, एवढंच म्हण. सोडते.

मावशी